संघ कागदावर आहे, तो चालता कसा करायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगा नाशिकमधल्या अंबडजवळच्या एका खाजगी शाळेत चौथीत आहे. जूनमध्ये पालकसभा होते, मुख्याध्यापिका सूचना वाचतात, सह्यांचा कागद फिरतो, चहा होतो आणि वर्षभर पुन्हा काही नाही. तुम्ही पाच-सहा पालक मिळून पालक-शिक्षक संघ नीट चालवायचा म्हणून भेटायला गेलात, तर 'संघ आहेच आपल्याकडे' असं उत्तर मिळालं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज वादावादी चालते. सुरुवात कुठून करायची, वर्गणी काढायची का, असं तुम्ही विचारलंय, आणि अगदी शेवटच्या ओळीत, याचा मुलाला त्रास तर होणार नाही ना, हेही.

ती शेवटची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. मी सातपूरकडच्या एका अनुदानित शाळेत बरीच वर्षं शिकवलं, संघाची सचिव म्हणून काम केलं, पुढे मुख्याध्यापिका झाले. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या काही शाळांना संघ उभा करायला मदत करत आले आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चाललेलं असतं ते जवळून पाहिलंय. पालकांच्या मनात असतं, 'जास्त बोललो तर बाई पोरावर राग काढतील.' शिक्षकांच्या मनात असतं, 'हे एकत्र आले की आमच्या चुकाच काढणार, उद्या संस्थेकडे तक्रार घेऊन जाणार.' दोन्हीकडे भीती असते. म्हणून पालक गप्प बसतात, शाळा सूचना वाचून मोकळी होते आणि संघ सह्यांच्या कागदापुरता उरतो. तुमच्या शाळेत संघ स्थापन करायचा प्रश्नच नाही, ही भीती कमी कशी करायची हा प्रश्न आहे.

माझ्या अनुभवात ती एकाच सवयीने कमी होते. एका बैठकीत जे विचारलं गेलं त्याचं पुढच्या बैठकीत उत्तर मिळालं पाहिजे. काम झालं असेल तर झालं म्हणून, झालं नसेल तर का झालं नाही म्हणून. स्नेहसंमेलन, आनंदमेळावा, हळदीकुंकू, पाककला स्पर्धा हे सगळं चांगलंच आहे, पण त्यावर संघ उभा राहत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं असा दोन-तीनदा अनुभव आला की पालक आपणहून येतात. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. शाळा कोणत्या प्रकारची आहे? महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं हे तिचं काम. अनुदानित शाळेतही ही समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथे तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. विनाअनुदानित शाळेला कलम २१ लागूच होत नाही. तिथे तुमचा आधार वेगळा आहे, तो म्हणजे महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत खाजगी शाळेने पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, शाळेतला प्रत्येक पालक त्याचा सभासद, आणि त्यातून कार्यकारी समिती निवडायची, असं तो सांगतो. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून, सहसचिव पालकांमधून, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. समितीतले पालक मुख्याध्यापकांनी बोट दाखवून घ्यायचे नसतात, इच्छुकांची नावं घेऊन चिठ्ठ्या टाकायच्या असतात. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे.

म्हणजे 'संघ आहेच' हे मॅडमचं म्हणणं खोटं नसणार. यादी कुठल्यातरी फाइलमध्ये असेल. बहुतेक वेळा त्या यादीतल्या पालकांनाच आपण समितीत आहोत हे ठाऊक नसतं.

आता हा कायदा हातात आला म्हणून तो घेऊन थेट केबिनमध्ये जाऊ नका. कलमं पाठ असू द्या, पण पहिल्या भेटीत ती काढू नका. पहिल्याच दिवशी कलम दाखवणारा पालक समोर आला की मुख्याध्यापक संस्थेच्या सचिवांना फोन लावतात, आणि तिथून पुढे प्रत्येक उत्तर वरून विचारून येतं. महिना-दीड महिना त्यातच जातो. उलट दोघा-तिघांनी जावं, त्यात एक तरी आई असावी, वेळ आधी मागून घ्यावी आणि सोबत छोटा अर्ज न्यावा. अर्ज असा:

'महोदया, आपल्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या चालू वर्षाच्या कार्यकारी समितीची यादी दर्शनी फलकावर लावावी आणि पुढील बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती. बैठकीच्या तयारीसाठी बसायची व्यवस्था, सूचना घरोघर पोचवणे, इतिवृत्त लिहिणे यांत आम्ही खालील पालक मदत करू इच्छितो.' खाली नावं, पाल्याची इयत्ता, तुकडी, सह्या. एक प्रत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

या अर्जात तक्रार एकही नाही. मागणी दोनच गोष्टींची आहे आणि दोन्ही गोष्टी शाळेला अर्ध्या तासात करता येतात. शिवाय मदत देऊ केली आहे, तीही अशा कामांत जी शिक्षकांना नकोशी वाटतात. इतिवृत्त लिहायला कोणी पालक तयार आहे म्हटल्यावर शिक्षक-सचिवांचा अर्धा विरोध मावळतो, हे मी स्वतः सचिव असताना अनुभवलेलं आहे. मुख्याध्यापिका अध्यक्ष असतात, पण दिवसभर त्यांच्यामागे शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस (शाळेची माहिती ऑनलाइन भरणं), शालेय पोषण आहाराच्या नोंदी, कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाची माहिती असं सगळं लागलेलं असतं. शिक्षकांना निवडणुकीची कामंही असतात. संघ म्हणजे आणखी एक रजिस्टर, असंच त्यांना वाटतं. तसं नाही, हे त्यांना कामातून दिसू द्या.

मग तुम्ही पाच-सहा जण कोण आहात ते जरा पाहा. बहुतेक ठिकाणी पुढे येणारे पालक एकाच सोसायटीतले, एकाच बसथांब्यावरचे, साधारण एकाच आर्थिक परिस्थितीतले असतात. अंबडच्या शाळेत कंपनीत शिफ्टला जाणारे पालक असणार, पाथर्डीकडच्या मळ्यांतले असणार, घरकाम करणाऱ्या आया असणार, शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांचे आईवडील असणार. यांतलं कोणी तुमच्यात नसेल तर आधी त्यांच्याकडे जा. शाळा सुटताना गेटवर उभं राहिलात तर आठवड्याभरात सगळे भेटतात. 'संघात या' म्हणू नका. 'शाळेत काय झालं तर तुमचं काम सोपं होईल?' असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. एका आईने मला सांगितलं होतं की तिला फक्त एकच हवं होतं. सहल, प्रकल्पाचं सामान, गणवेशाचे पैसे यांची सूचना पगाराच्या तारखेनंतर यावी, महिन्याच्या पंचवीस तारखेला नको. इतकी साधी गोष्ट कोणत्याही पालकसभेत कोणी बोललं नसतं. शाळेला ती कळल्यावर त्यात अडचण काहीच नव्हती.

बैठकीच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण संघ इथेच फसतात. शाळेला सोयीची वेळ म्हणजे कामाच्या दिवशी दुपारी बारा-एक. त्या वेळी पहिल्या शिफ्टचे वडील कंपनीत असतात, रात्रपाळीचे झोपलेले असतात आणि आया एक तर कामावर असतात किंवा लहान मूल घेऊन येतात. सातपूर-अंबडच्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. शनिवारी शाळाही सकाळची असते. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर लगेच, तासाभराची बैठक, हे माझ्या पाहण्यात सगळ्यांत चाललेलं गणित आहे. शिक्षकांना रविवारी बोलवायचं नाही, हे पथ्य पाळाच. त्यांचाही तो एकच दिवस असतो.

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूच्या शाळांचं वेळापत्रक वेगळं लागतं. तिथे द्राक्षबागेप्रमाणे चालावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची), जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. त्या दिवसांत बागायतदार येत नाही आणि त्याच्या बागेत कामाला आलेलं पेठ-सुरगाण्याचं कुटुंब तर अजिबातच येत नाही. पंचवटीत ज्यांचं भाजीचं किंवा किरकोळ दुकान आहे त्यांना बुधवार चालत नाही, गोदाघाटावरचा बाजार असतो. तुमच्या शाळेत जुलै, सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा असं धरून पाहा. फेब्रुवारीत उशीर करू नका, शिष्यवृत्ती परीक्षा आणि मागोमाग दहावी आली की शिक्षकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. चारही तारखा जुलैच्या बैठकीतच ठरवून फलकावर लावून टाका. दोन महिने आधी तारीख कळली तर शिफ्ट बदलून घेता येते, दोन दिवस आधी कळली तर नाही.

पहिली बैठक कशी घ्यायची? विषय तीनच ठेवा. बाकांवर मुलांसारखं एकामागे एक बसवू नका, बाकं भिंतीला लावून गोल बसा, शिक्षक पालकांमध्ये मिसळून बसू देत. पुढे टेबल आणि मागे प्रेक्षक अशी रचना असली की बोलणारे तीन आणि ऐकणारे चाळीस असं होतंच. सुरुवातीची दहा मिनिटं शेजारच्या दोन-तीन जणांशी बोलायला द्या आणि प्रत्येक गटाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. चिठ्ठीवर नाव नको. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांच्या गटात लिहिणारं माणूस आहे ना, तेवढं पाहा. अशा चिठ्ठ्यांमधूनच आमच्याकडे एकदा आलं होतं, 'मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.' इतकी वर्षं शाळेत वावरणाऱ्या आम्हा शिक्षिकांनाही हे कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. कडी दुसऱ्या दिवशी बसली. नंतर त्याच विषयातून झाकणाचा कचऱ्याचा डबा आला, पाण्याची टाकी कोणत्या वेळी रिकामी होते त्याची नोंद सुरू झाली, मोठ्या मुलींसाठी वर्गशिक्षिकेच्या कपाटात पॅड ठेवायला लागलो.

इतिवृत्ताची वही साधी दोनशे पानी चालेल. प्रत्येक पानावर चार रकाने आखा: विषय, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच, मागच्या पानावरच्या ओळी एकेक करून वाचणं. 'मुख्याध्यापिका, १५ ऑगस्टपर्यंत, झालं.' 'पालक-सहसचिव, गणेशोत्सवापर्यंत, झालं नाही, सुतार मिळाला नाही, नवी तारीख अमुक.' हे वाचायला पाच मिनिटं लागतात, पण शाळेची आणि पालकांचीही जबाबदारी सगळ्यांदेखत मोजली जाते. पालकांनी घेतलेली कामंही त्यात असली पाहिजेत. सगळ्या ओळींपुढे 'मुख्याध्यापिका' असंच लिहिलेलं असेल, तर ती संघाची वही राहत नाही, तक्रारवही होते.

एक नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून मान्य करून घ्या: बैठकीत कोणत्याही शिक्षकाचं किंवा मुलाचं नाव घेऊन बोलायचं नाही. 'अमक्या बाई शिकवत नाहीत' हे बैठकीत नाही, त्यासाठी वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना भेटायची वेळ शाळेने आठवड्यातून एकदा ठरवून द्यावी. चारचौघांत एकदा शिक्षकाचा अपमान झाला की पुढचं वर्षभर शिक्षक संघाला अंतर देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण या नियमाला एक अपवाद आहे आणि तो तितक्याच स्पष्टपणे सांगा. मुलाच्या सुरक्षिततेचा, मारहाणीचा, लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर तो कोणत्याही बैठकीची वाट पाहत नाही. तो त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्यायचा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, 'आपण शाळेतच मिटवू' हा पर्याय संघालाही नाही आणि शाळेलाही नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लावून घ्या.

पहिलं काम कोणतं घ्यायचं, यावर माझं ठाम मत आहे. अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, गृहपाठ हे विषय पहिल्या वर्षी घेऊ नका. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांत शिक्षकांना आपल्या कामावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. ज्यात शाळा आणि पालक दोघांचीही थोडी थोडी चूक आहे आणि जे डोळ्यांना दिसतं असं काम घ्या. बहुतेक शाळांत ते गेटवरच सापडतं. दुपारी सकाळचं अधिवेशन सुटतं आणि दुपारचं भरतं, त्या वीस मिनिटांत दुचाक्या, रिक्षा, व्हॅन, स्कूलबस सगळं एकाच तोंडाशी येतं आणि पहिलीतली मुलं त्यांच्या मधून वाट काढतात. आमच्याकडे संघाने काय केलं ते सांगते. दोन्ही अधिवेशनांमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर शाळेने वाढवलं. दुचाकीवाल्या पालकांनी गेटपासून ठरलेल्या खांबापलीकडेच थांबायचं ठरवलं. रिक्षावाल्या काकांना बैठकीला बोलावलं, त्यांनी बाजूच्या गल्लीतून यायचं कबूल केलं. पहिले काही आठवडे रोज दोन पालक शिट्टी घेऊन उभे राहिले, त्यात एक रात्रपाळीचे गृहस्थ झोपायला जाण्याआधी येत. मुलांचं येणं-जाणं सुरळीत झालं आणि शिक्षकांच्या गाड्या निघायलाही वाट मिळाली. त्यानंतर संघाच्या बैठकीला शिक्षक स्वतःहून विषय घेऊन यायला लागले.

वाहतुकीचं निघालंच आहे तर सांगते. २०११ च्या स्कूलबस नियमावलीप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, बसवाल्यांचा प्रतिनिधी असे सदस्य असतात. तुमच्या शाळेत तो पालक-प्रतिनिधी कोण आहे, ते विचारा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या मुख्य पर्वण्या (स्नानाचे दिवस) आहेत. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत रस्ते कसे अडवले होते ते नाशिककरांना आठवत असेल. द्वारका, पंचवटी, तपोवन या बाजूने येणाऱ्या मुलांच्या बस कुठून वळवायच्या, कोणत्या दिवशी सुट्टी मागायची, ती भरून कधी काढायची, हा विषय ऐन वेळेसाठी ठेवू नका. आत्तापासून परिवहन समितीत घ्या. हे काम संघाने चांगलं करून दाखवलं तर कोणाला त्याची गरज पटवून द्यावी लागणार नाही.

आता वर्गणी. पहिल्या वर्षी नको, असं माझं स्पष्ट सांगणं आहे. पैसे आले की हिशेब आला, हिशेब आला की संशय आला, आणि अजून विश्वास बसायचाय. शिवाय 'प्रत्येकी इतके' असा आकडा ठरला की ज्याला जमत नाही तो पालक पैसे देत नाहीच, आणि बैठकीलाही यायचा बंद होतो. कायद्याने संघाचं सभासदशुल्क असेल ते शाळा घेईल, त्याची पावती घ्या. त्यावर स्वतःची वर्गणी लादू नका. कामं पैशांवाचून बरीच होतात. एखाद्या शाळेत कंपनीत इलेक्ट्रिशियन असलेले वडील एका शनिवारी सगळे पंखे पाहून देतात. द्राक्षाचे जुने प्लास्टिक क्रेट धुऊन, एकावर एक बांधून बालवाडीसाठी पुस्तकांची मांडणी झालेली मी पाहिली आहे. फक्त ज्याने जे दिलं त्याचं नाव वहीत आलं पाहिजे, मग ते श्रम असोत की वस्तू.

पुढे कधी पैसे लागलेच तर ते ऐच्छिक असावेत, शाळेच्या खात्यात जावेत, पावती त्याच दिवशी मिळावी, खर्चाचा तपशील फलकावर लागावा. वर्गशिक्षिकेच्या हातात रोख रक्कम कधीच द्यायची नाही, त्यांच्यावर विनाकारण बालंट येतं. आणि देणगी व प्रवेश यांचा कुठेही संबंध येता कामा नये. प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. संघाच्या नावाने कोणी तसं करत असेल तर तुमची सही त्या कागदावर नको.

फीचा विषय मात्र टाळू नका, कारण विनाअनुदानित शाळेत कार्यकारी समितीचं कायद्याने दिलेलं सगळ्यांत मोठं काम तेच आहे. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी समितीसमोर ठेवायचा असतो, हिशेबाच्या कागदांसह. म्हणजे जूनचा मध्य धरला तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. म्हणूनच वरच्या वेळापत्रकात मी डिसेंबरची बैठक ठेवली आहे. समितीत एक तरी पालक ताळेबंद वाचू शकणारा असेल तर चांगलं, कोणी बँकेत किंवा लेखा विभागात काम करणारे असतीलच. नसेल तर कागद घरी नेऊन वाचायला आठ दिवस मागा आणि त्याच बैठकीत सही करू नका. फी वाढूच नये हा हट्टही धरू नका. शिक्षकांना वेळेवर आणि पुरेसा पगार मिळतोय का, हा प्रश्न पालकांनीच विचारला पाहिजे, त्याचा परिणाम शेवटी तुमच्याच मुलांच्या वर्गावर होतो.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात सांगते. चालू ग्रुप बंद करायला जाऊ नका, बंद होत नाहीत, दुसरे तयार होतात. संघाचा वेगळा ग्रुप करा, त्यावर फक्त सचिव आणि पालक-सहसचिव लिहितील, बाकी सगळे वाचतील. सूचना, तारखा, वहीच्या पानाचा फोटो, इतकंच. मुलांचे फोटो नाहीत, गुणपत्रिका नाहीत. आणि ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरू नका. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कंपनीत गेलेला असतो. मुलाच्या डायरीत दोन ओळींची सूचना आजही सगळ्यांत खात्रीने पोचते. जे पालक बैठकीला आले नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येक इयत्तेच्या पालक-प्रतिनिधीने आठवड्याभरात गेटवर भेटून काय ठरलं ते सांगावं. हे कष्टाचं काम आहे आणि त्याची कुठे नोंद होत नाही, पण संघ आपला आहे असं न येणाऱ्यांनाही वाटतं ते यामुळेच.

मॅडमनी अर्जाला उत्तरच दिलं नाही तर? पंधरा दिवस थांबा, मग आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. पुन्हा भेटा, या वेळी यादीत असलेल्या एखाद्या जुन्या समिती-सदस्याला सोबत घ्या. तरीही काही हाललं नाही तर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि त्यात आता कायद्याचा उल्लेख करा. त्यानंतरच शिक्षण विभाग. महापालिका हद्दीतल्या प्राथमिक शाळेसाठी मनपाचा शिक्षण विभाग, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी. माझ्या पाहण्यात फार थोड्या शाळा इथपर्यंत गेल्या. बहुतेक मुख्याध्यापकांना मदत नको नसते, धसका असतो तो गोंधळाचा.

मुलाला त्रास होईल का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर, एकटा पालक भांडतो तेव्हा कधीकधी होतो. टोमणा असेल, दुर्लक्ष असेल. म्हणून कोणतंही पत्र एकट्याच्या सहीने देऊ नका, वेगवेगळ्या इयत्तांच्या आठ-दहा सह्या असू देत. आपल्या मुलाच्या वर्गाचा विषय असेल तेव्हा तो दुसऱ्या इयत्तेच्या पालकाने मांडावा आणि तुम्ही त्यांच्या वर्गाचा मांडावा. घरी मुलासमोर शिक्षकांबद्दल वाईट बोलू नका, चौथीतलं मूल ते दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं सांगतं. आणि वर्गशिक्षिकेला अधूनमधून केवळ चांगलं सांगायलाही भेटा. 'तुम्ही सांगितल्यापासून तो घरी पाढे म्हणतो' एवढं वाक्य पुरतं. एवढी काळजी घेऊनही मुलाच्या वागण्यात फरक दिसला, शाळेत जायला टाळाटाळ सुरू झाली, तर बैठकीची वाट न पाहता मुख्याध्यापिकांना भेटा आणि घडलेलं तारखेसह लिहून द्या.

तुमची शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि पहिली ते चौथीच आहे की दहावीपर्यंत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवलंत तर वरचा अर्ज आणि बैठकांच्या तारखा त्याप्रमाणे नेमक्या करून देते.